चॉकलेट युरोपात नेलं कोणी?

गेल्या अंकातल्या कोकोच्या झाडावरच्या टिपणानंतर आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकाच दिशेला आहे : मेक्सिकोतलं हे पेय स्पेनला आणि तिथून बाकीच्या युरोपात गेलं कसं? काही वाचकांनी प्रश्नाबरोबर उत्तरंही पाठवली आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे माझं काम वाढलं, आणि गंमतही. निवडक पत्रं घेतो.

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : मी मुलांना नेहमी शिकवलं, की १५२८ साली कोर्तेसनं चॉकलेट स्पेनला नेलं. आता नातू कुठंतरी वाचून सांगतो, की ते कोलंबसानं नेलं. खरं काय?

गुरुजी, दोन्ही उत्तरं सोडून द्यावी लागतील. पण आधी नातवाच्या बाजूनं बोलतो. युरोपातल्या माणसांना कोकोचं पहिलं दर्शन झालं ते कोलंबसाच्याच सफरीत. साल १५०२, त्याची चौथी आणि शेवटची सफर. होंडुरासच्या किनाऱ्यासमोर ग्वानाहा नावाचं बेट आहे. तिथं माया व्यापाऱ्यांचं एक भलंमोठं होडगं कोलंबसाच्या लोकांनी अडवलं. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेलं, मधोमध चटयांचं छप्पर केलेलं. आत रंगीत सुती कापड होतं, तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या आणि बदामासारख्या दिसणाऱ्या काही बिया होत्या. कोलंबसाचा धाकटा मुलगा फर्नांडो, तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा, त्या सफरीवर होता. पुढे वडिलांचं चरित्र लिहिताना त्यानं या बियांचीही हकीकत दिली. माल गलबतावर चढवताना काही बिया सांडल्या, तर स्वतःचा डोळाच निखळून पडला असावा तशा लगबगीनं ते माया लोक त्या वेचायला वाकले. एवढं डोळ्यांनी पाहूनही कोलंबसानं पुढे चौकशी केली नाही. तो आशियाकडे जाणारी सामुद्रधुनी शोधत होता आणि सोनं शोधत होता. बदामांत त्याला काय रस!

आता मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सरदार कोर्तेस. १५१९ च्या नोव्हेंबरात तो अझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानला पोचला. तिथला राजा मोक्तेसुमा याच्या भोजनाचं वर्णन बेर्नाल दियास या त्याच्या सैनिकानं म्हातारपणी लिहून ठेवलं आहे : सोन्याचे पेले आणि फेसाळ कोकोचे ५० मोठे घडे. कोर्तेसनं १५२० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला पाठवलेल्या पत्रातही कोको आहे, पण तिथं भर आहे तो या बिया देशभर पैसा म्हणून चालतात यावर. जेत्यांना कोको आधी दिसला तो असा, गल्ल्यातली चीज म्हणून. त्लाश्कालाच्या बाजारातली १५४५ ची दरांची यादी शिल्लक आहे. टर्कीची चांगली मादी १०० बियांना, टर्कीचं अंडं ३ बियांना, मोठा टोमॅटो एका बीला. पैसा म्हटलं की खोटा पैसाही आलाच. आतला गर काढून टरफलात माती भरायची आणि चांगल्या बियांत मिसळून द्यायची, असा धंदा करणारे लोक होते.

१५२८ मध्ये कोर्तेस स्पेनला परतला हेही खरं. त्यानं बरोबर पिसांची कलाकुसर नेली, पायांवर ओंडका नाचवणारे कसरतपटू नेले, रबरी चेंडूनं खेळणारे खेळाडू नेले. क्रिस्टोफ वायडिट्झ या जर्मन कलावंतानं त्या खेळाडूंची चित्रंही काढली. या सगळ्या लवाजम्याच्या तत्कालीन वर्णनांत चॉकलेट मात्र कुठंच नाही. ते नंतरच्या लेखकांनी आत घातलं. एका मोठ्या घटनेला एक मोठा माणूस चिकटवला, की गोष्ट सांगायला सोपी जाते, आणि परीक्षेत गुण द्यायलाही.

स्पेनच्या दरबारात चॉकलेट पोचल्याचा पहिला लेखी पुरावा १५४४ चा आहे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखातल्या केक्ची माया सरदारांना डोमिनिकन पाद्री युवराज फिलिपच्या भेटीला घेऊन गेले. नजराण्यात केत्साल पक्ष्याची २,००० पिसं होती, मातीची भांडी, मिरच्या, घेवडे, मका, कोपालचा धूप आणि फेटून तयार केलेलं चॉकलेट होतं. म्हणजे नाव घ्यायचंच झालं तर ते या माया पाहुण्यांचं घ्यायला हवं. पण त्यांच्या यादीतलं चॉकलेट ही युवराजाला दाखवायची नवलाई होती. तेवढ्यानं काही स्पेन चॉकलेट प्यायला लागला नाही. व्यापारी माल म्हणून कोको नियमित येऊ लागला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. व्हेराक्रुझहून सेव्हिलला आलेल्या पहिल्या अधिकृत खेपेचं साल १५८५ सांगितलं जातं.

मधल्या ४० वर्षांत घडलं काय, ही खरी गोष्ट आहे. नुसती पोती नेऊन उपयोग नव्हता. कोकोची बी आंबवावी लागते, वाळवावी लागते, भाजावी लागते, सोलावी लागते, मग वाटावी लागते, आणि एवढं करून जे निघतं ते कडूजहर असतं. म्हणजे आधी हे करता येणारे हात हवेत आणि मग ते आवडणारी जीभ हवी. स्पॅनिश लोकांना दोन्ही मिळालं ते स्पेनमध्ये नव्हे, मेक्सिकोत. सुरुवातीला त्यांना किळसच आली. जिरोलामो बेंझोनी या इटालियन प्रवाशानं १५६५ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे पेय डुकरांच्याच लायकीचं ठरवलं. आणि पुढच्याच दमात कबूल केलं, की वाइन संपल्यावर नुसतं पाणी किती दिवस पिणार म्हणून आपणही ते प्यायला लागलो. १५९० मध्ये होसे दे आकोस्ता हा जेझुइट पाद्री वरच्या फेसाला नाकं मुरडतो, पण तोच सांगतो, की तिकडच्या स्पॅनिश बायकांचा काळ्या चॉकलेटवर भारी जीव आहे. ही माणसं, म्हणजे पाद्री, अधिकारी, व्यापारी आणि त्यांची कुटुंबं, सेव्हिलला परतली तेव्हा त्यांना चॉकलेटवाचून करमेना. म्हणून माल मागवला गेला. चॉकलेट युरोपात गेलं ते असं, लागलेली सवय म्हणून.

नाशिकहून एक वाचक भगिनी विचारतात : मूळचं चॉकलेट कडू आणि तिखट होतं, स्पेनच्या जोगिणींनी त्यात साखर-दालचिनी घालून ते 'सुधारलं', असं एका पाककृतींच्या पुस्तकात आहे. हे बरोबर आहे का?

ताई, 'सुधारलं' हा शब्द तुम्ही अवतरणात टाकलात म्हणून बरं वाटलं. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती एका जागी लंगडी आहे. अझ्टेकांचं चॉकलेट एकाच चवीचं नव्हतं. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्यानं स्थानिक लोकांकडून माहिती घेऊन जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या ताटापुढे येणाऱ्या कितीतरी प्रकारच्या चॉकलेटची यादी आहे. त्यांत मधाचं आहे, व्हॅनिलाचं आहे, फुलांचं आहे. मिरची घातलेलं हा त्यातला एक प्रकार. तेव्हा गोडवा हा युरोपचा शोध नव्हे. मधाच्या जागी साखर आली आणि तिचं प्रमाण वाढलं, इतकंच म्हणता येईल.

मसाल्यांचं प्रकरण जास्त मजेदार आहे. मार्सी नॉर्टन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी त्यावर बारकाईनं काम केलं आहे आणि मला त्यांचा निष्कर्ष पटतो. त्यांचं म्हणणं असं, की स्पॅनिश लोकांनी चॉकलेट आपल्या जिभेप्रमाणे वळवलं नाही, उलट त्यांची जीभच मेक्सिकोनं वळवली. पुरावा पाककृतीतच सापडतो. आंतोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा या वैद्यानं १६३१ मध्ये माद्रिदला चॉकलेटवर छोटी पुस्तिका छापली. तीत १०० कोको बियांना दोन मिरच्या, मूठभर अनिस, व्हॅनिला, दोन मेक्सिकन सुगंधी द्रव्यं, थोडी दालचिनी, १२ बदाम, तितकेच हेझलनट, अर्धा पौंड साखर आणि रंगापुरत्या आचिओतेच्या तांबड्या बिया असं प्रमाण आहे. आचिओते म्हणजे आज बटरला आणि चीजला रंग द्यायला वापरतात तो अन्नाटो. मेक्सिकोच्या विजयानंतर शंभरेक वर्षांनी, भर माद्रिदमध्ये, मिरची आणि व्हॅनिला जागच्या जागी आहेत! आणि ती मेक्सिकन सुगंधी द्रव्यं मिळाली नाहीत तर काय, याचीही सोय कोल्मेनेरोनं सांगून ठेवली आहे : अलेक्झांड्रियाच्या सहा गुलाबांची पूड. मिरची नसेल तिथं मिरी. तिकडच्या एका सुगंधी फुलाची आठवण गुलाबानं भागवायची होती, तिखटाची मिऱ्यानं. परदेशी राहणाऱ्या माणसानं घरची चव जुळवावी तशी ही धडपड आहे, फरक एवढाच की ही चव त्यांच्या घरची नव्हती, जिंकलेल्या मुलखातली होती.

जोगिणींबद्दल : मेक्सिको-ग्वाटेमालातल्या मठांत चॉकलेट भरपूर होई आणि त्याच्या वड्या भेट म्हणून पाठवल्या जात, पण पहिली साखर घातली ती अमुक मठानं, या कथेला आधार नाही. शिवाय वाटणाऱ्या हातांना कुणी विचारतच नाही. स्पॅनिश घरांत कोको वाटायचं काम करत त्या स्थानिक बायका. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता दगडी पाटा; त्याच्यापुढे गुडघे टेकून बसायचं, खाली निखारे ठेवून दगड गरम करायचा आणि कोकोला तेल सुटेपर्यंत वाटत राहायचं. स्पॅनिश यजमानीण बाईंना चॉकलेटची चव लावली ती या बायकांनी. स्पेनची भर कुठं असेल तर ती फेस काढण्याच्या साधनात. अझ्टेक बायका उभ्यानं एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरून फेस काढत. स्पॅनिश लोकांनी मोलिनियो नावाचं लाकडी दांडकं आणलं, दोन तळहातांत धरून फिरवायचं. आपली ताक घुसळायची रवी डोळ्यांपुढे आणा, फारसं वेगळं नाही.

पंढरपूरहून एक वारकरी वाचक : चॉकलेटनं उपवास मोडतो की नाही, यावर ख्रिस्ती धर्मगुरूंत म्हणे मोठा वाद झाला होता. खरंच? आणि तुमचं मत काय?

खरंच, माऊली. आणि किरकोळ नव्हे, शंभरावर वर्षं चाललेला वाद. त्या काळच्या कॅथलिक उपवासात दिवसातून एकदाच जेवायचं असे. तहानेपोटी काही प्यायलं तर उपवास मोडत नसे. आता चॉकलेट हे पेय म्हणायचं की अन्न? पाण्यात केलेलं असेल तर पेय म्हणणारे होते. पण त्यात मक्याचं पीठ पडलं, अंडं पडलं, बदाम पडले, की ते पोटभरीचं झालंच की! आंतोनियो दे लेओन पिनेलो या कायदेपंडितानं १६३६ मध्ये या एकाच प्रश्नावर माद्रिदमध्ये अख्खं पुस्तक छापलं. जेझुइट मंडळी सैल बाजूची; त्यांचा कोकोच्या व्यापारात हात होता हे विरोधकांनी बोलून दाखवायला कमी केलं नाही. डोमिनिकन मंडळी कडक. १६६४ मध्ये रोमला कार्डिनल ब्रांकाच्चो यानं ग्रंथ लिहून निकाल दिला, की द्रवानं उपवास मोडत नाही. ग्रंथ लॅटिनमध्ये आहे आणि त्यातून चॉकलेटवरचं प्रेम लपत नाही.

याच विषयातली एक भयंकर गोष्ट टॉमस गेज या इंग्रजानं सांगितली आहे. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापा रेआल, आजचं सान क्रिस्तोबाल दे लास कासास. तिथल्या श्रीमंत स्पॅनिश बायकांचं म्हणणं असं, की आमची पोटं नाजूक, गरम चॉकलेट घेतल्याशिवाय आम्हाला प्रार्थना संपेपर्यंत बसवत नाही. मग प्रार्थना चालू असताना दासी पेले घेऊन चर्चमध्ये ये-जा करणार. बिशप बेर्नार्दिनो दे सालासार यांनी आधी समजावलं, मग बहिष्काराची नोटीस चर्चच्या दारावर लावली. प्रकरण चर्चमध्ये तलवारी उपसण्यापर्यंत गेलं. बायका मठांतल्या चर्चमध्ये जाऊ लागल्या, मुख्य चर्च ओस पडलं. थोड्याच दिवसांत बिशप आजारी पडून वारले. गावात कुजबुज अशी, की चॉकलेटच्या पेल्यातूनच विष गेलं. गेजची ही हकीकत मीठमसाला वगळूनच वाचायला हवी. तो आधी डोमिनिकन होता, नंतर प्रोटेस्टंट झाला, आणि कॅथलिकांची अब्रू काढणारं पुस्तक लंडनला खपणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बायकांचं चॉकलेटचं वेड मात्र त्यानं पदरचं घातलेलं नाही, ते इतर कागदांतही दिसतं.

माझं मत विचारता, तर ते तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावं. एवढं मात्र सांगतो, की त्या कार्डिनलला आपण हसायचं कारण नाही. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा आपल्याकडे होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि तो कंद अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. बटाटाही. जुन्या शास्त्रकारांना ते निषिद्ध ठरवता आले नाहीत, कारण त्यांच्या काळी ते इथं नव्हतेच.

कोल्हापूरहून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी : फ्रान्सला चॉकलेट दोन स्पॅनिश राजकन्यांच्या लग्नातून गेलं का?

आन ऑफ ऑस्ट्रियाचं लग्न तेराव्या लुईशी १६१५ मध्ये झालं आणि मारी तेरेझचं चौदाव्या लुईशी १६६० मध्ये. दोघी स्पेनच्या, आणि दुसरीला चॉकलेट फार प्रिय होतं. पण त्यांच्या पालख्यांमागून चॉकलेट फ्रान्सभर पसरलं हे मानणं म्हणजे पुन्हा कोर्तेसचीच कथा, फक्त लुगडं नेसवलेली. १६५९ मध्ये, म्हणजे दुसरं लग्न लागायच्या आधीच, दाविद शाइयू नावाच्या माणसाला फ्रान्सात चॉकलेट विकण्याचा राजाचा परवाना मिळालेला होता. शिवाय दक्षिणेत बायोन हे बंदर आहे. धर्मछळामुळे स्पेन-पोर्तुगालातून पळालेले ज्यू तिथं येऊन राहिले आणि त्यांच्यातल्या काहींनी चॉकलेटचा धंदा जमवला. त्या निर्वासितांपेक्षा राण्यांचे मुकुट चित्रात जास्त शोभतात, म्हणून पुस्तकांत राण्या येतात.

ठाण्याहून इयत्ता नववीतला एक मुलगा : इंग्रज चाच्यांनी कोकोचं अख्खं जहाज शेळीच्या लेंड्या समजून नष्ट केलं, हे खरं का? आणि चॉकलेट खायचं कधी झालं?

तुझा पहिला प्रश्न पुन्हा त्या गेजकडेच नेतो. १६४८ च्या पुस्तकात तो लिहितो, की इंग्रज आणि डच लोक स्पॅनिश जहाज पकडून कोको हाती लागला तर चिडून तो समुद्रात फेकून देत आणि वर त्याला मेंढीच्या लेंड्या म्हणत. शेळी नव्हे, मेंढी! वाळलेली कोकोची बी तू पाहिली नसशील, तिचा रंग बघितलास तर त्यांना फार दोष देणार नाहीस. पण गेजचं पुस्तक आल्यावर दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं, तिथं स्पॅनिश लोकांनी लावलेल्या कोकोच्या बागा त्यांना आयत्या मिळाल्या. १६५७ मध्ये लंडनच्या बिशप्सगेट भागात एका फ्रेंच माणसानं चॉकलेट विकायला ठेवल्याची जाहिरात छापून आली. १६६१ च्या एप्रिलात, दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी, इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सनं आदल्या रात्रीच्या दारूनं बिघडलेलं पोट ताळ्यावर आणायला सकाळी चॉकलेट घेतलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं.

हे सगळं पिण्याचं चॉकलेट. वड्या होत्या, पण त्या पाण्यात विरघळवायला. खायची वडी फार उशिरा आली. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं; १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं ते लोणी, साखर आणि कोको मिसळून साच्यात ओतलं; दूध त्यात घातलं १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरनं. तुझ्या गावातल्या कॅडबरी नाक्यावरून शाळेत जात असशील तर एवढ्या तारखा पाठ असायला हरकत नाही.

मडगावहून एक बागायतदार : पोर्तुगीजांनी आमच्याकडे काजू आणला, मिरची, अननस, पेरू, पपई आणली. मग कोको का नाही आणला? आमची हवा त्याला मानवली असती.

हवा मानवली असती, यात वाद नाही. कोकोला सावली, ओल आणि ऊब लागते. माडा-पोफळीखाली तो आज दक्षिणेत लावतातच. अडचण पहिली बियाण्याची. काजूची बी वाळली तरी महिनोन् महिने जिवंत राहते, मिरचीचंही तसंच. अननसाची फुटवी तग धरतात. कोकोचं बी वाळलं की मेलं. शेंगेतून काढलं की थोड्याच दिवसांत त्याची उगवण संपते, आणि थंडी तर त्याला अजिबात सोसत नाही. त्या काळी लिस्बनहून गोव्याला यायलाच सहाएक महिने लागत. दुसरी अडचण मुलखाची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची वस्ती ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला, आणि कोकोची रानटी झाडं आत ॲमेझॉनच्या खोऱ्यात. बाहियात कोकोची लागवड सुरू झाली ती थेट अठराव्या शतकात.

पण माझ्या मते खरी अडचण तिसरी : तल्लफ नव्हती. गोव्यातल्या पोर्तुगीज फिदाल्गोंची, म्हणजे उमरावांची, एखादी पिढी मेक्सिकोत राहून आली असती, तर त्यांनी कसंही करून रोपं आणली असती. स्पॅनिश लोकांनी आणलीच. १६७० च्या सुमारास अकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून कोकोचं रोप फिलिपिन्सला पोचलं.

तरी गोव्याच्या वाटेवर चॉकलेट एकदा, निदान स्मरणात का होईना, येऊन गेलं. फ्रान्चेस्को कार्लेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी १५९४ मध्ये सफरीवर निघाला आणि व्यापार करत करत पृथ्वीला वळसा घालून आला. मेक्सिकोत त्यानं कोकोची झाडं, कोकोचं चलन आणि चॉकलेटची सवय नीट पाहिली. मग मनिला, नागासाकी, मकाव, मलाक्का करत १६०० मध्ये तो गोव्याला पोचला आणि १६०१ च्या अखेरीपर्यंत तिथं राहिला. परतीच्या वाटेवर सेंट हेलेना बेटाजवळ डचांनी त्याचं जहाज पकडलं. माल गेला, टिपणंही गेली. १६०६ मध्ये फ्लोरेन्सला ग्रँड ड्यूक फर्डिनांदो याच्यापुढे त्यानं सगळा प्रवास आठवणीतून सांगितला. त्यात चॉकलेटचं वर्णन आहे, आणि ज्याला त्याची सवय लागली त्याला ते सोडवत नाही हेही आहे. इटालियन लोक त्यावरून सांगतात, की कार्लेत्तीनंच चॉकलेट इटलीत आणलं. आणली ती बातमी. डचांनी लुटून नेल्यावर आणायला उरलं होतं काय?

भारतात कोको आला तो इंग्रजांच्या काळात, १७९८ मध्ये, अंबोन बेटावरून तमिळनाडूतल्या कुर्तालमला. मोठी लागवड केरळ-कर्नाटकात झाली ती स्वातंत्र्यानंतर. आणि तुमच्या काजूशी त्याची गाठ आता पडलीच आहे : केंद्र सरकारचं कोचीला जे संचालनालय आहे ते 'काजू आणि कोको विकास' असं एकत्रच आहे. रोपांची चौकशी तिथं करा.

नागपूरहून एक संशोधक : राजे, पाद्री, राण्या झाल्या. ज्यांनी कोको पिकवला त्यांचं काय?

रास्त तक्रार आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरचा सोकोनुस्को हा प्रांत घ्या. अझ्टेक खंडणीच्या चित्रलिखित यादीत त्याच्या नावावर २०० ओझी कोको आहे. एका ओझ्यात २४,००० बिया, म्हणजे ४८ लाख बिया. विजयानंतर देवी-गोवराच्या साथी आणि वेठबिगारी यांनी तिथली वस्ती इतकी झडली, की बागा सांभाळायला माणसं उरली नाहीत. मागणी मात्र वाढत होती. मग पीक दक्षिणेकडे सरकलं, इक्वाडोरमधल्या ग्वायाकिलला आणि व्हेनेझुएलाला. व्हेनेझुएलाच्या बागांत राबले ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. डचांनी १६३४ मध्ये शेजारचं कुरासाव बेट घेतलं आणि व्हेनेझुएलाचा कोको चोरून ॲमस्टरडॅमला नेऊ लागले. कित्येक वर्षं स्पेनलाच आपल्या वसाहतीतला कोको डचांकडून विकत घ्यावा लागे. ती गळती थांबवायला १७२८ मध्ये बास्क व्यापाऱ्यांच्या कंपनीला मक्तेदारी दिली. तिनं भाव इतके पाडले, की १७४९ मध्ये हुआन फ्रान्सिस्को दे लेओन या बागायतदाराच्या पुढारपणाखाली शेतकरी काराकासवर चालून गेले. आणि पेल्यात पडणारी साखर? तिच्याही मुळाशी कॅरिबियन बेटांवरचे गुलामच होते. हा विषय एका उत्तरात उरकण्यासारखा नाही. पुढल्या अंकात त्यावर स्वतंत्र लिहीन.

बडोद्याहून एक वाचक भगिनी : १६३१ च्या पद्धतीचं चॉकलेट घरी करता येईल का?

येईल, थोड्या तडजोडी करून. दोन कपांसाठी ५०-६० ग्रॅम बिनसाखरेचं चॉकलेट किसून घ्या. एक सुकी लाल मिरची बी काढून, दालचिनीचा बोटभर तुकडा, अर्धा चमचा बडीशेप आणि सात-आठ भिजवून सोललेले बदाम बारीक वाटा. मेक्सिकन सुगंधी द्रव्यांऐवजी कोल्मेनेरोच्या सांगण्याप्रमाणे गुलाबाच्या सुक्या पाकळ्यांची पूड चालेल, मात्र पाकळ्या खाण्यासाठी विकतात त्याच घ्या. हे वाटण दोन कप पाण्यात उकळून घ्या, त्यात किसलेलं चॉकलेट आणि चवीप्रमाणे साखर घाला, विरघळलं की आचेवरून उतरवून रवीनं चांगला फेस येईपर्यंत घुसळा. दूध घालू नका, पाण्यातच करा. आणि डब्यातली कोको पावडर वापरू नका. व्हान हाउटेनच्या यंत्रापासून पुढे तिच्यातलं बरंचसं लोणी काढून घेतलेलं असतं, त्यामुळे जुन्या चॉकलेटचा दाटपणा तिला येत नाही.